न पडलेल्या दुष्काळाची किंमत

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत आम्ही दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हास दिली, तेव्हा आम्ही सीमाप्रश्नावरच बोलणार, असे आपणांपैकी बहुतेकांनी धरून चालले असेल. तो समज अगदीच चुकीचा नाही. परंतु आज आम्ही नकाशापासून आरंभ न करता शेताच्या बांधापासून करणार आहोत. कोरडवाहू मुलखातला गरीब शेतकरी पावसाच्या लहरीपणाला कसा तोंड देतो, आणि तोंड देण्यासाठी त्यास काय मोजावे लागते, हा आजचा विषय. नकाशावरची रेघ त्यात कोठे येते, ते ओघाने सांगू.

शहरातील शिकलेल्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य कायमचे बसलेले आहे. आपला शेतकरी दैववादी आहे. पाऊस पडला तर पेरतो, नाही पडला तर कपाळाला हात लावून बसतो. उद्याची तजवीज त्यास ठाऊक नाही. हे वाक्य जितके प्रचलित आहे तितकेच ते खोटे आहे. ते खोटे आहे हे आम्ही केवळ अभिमानाने सांगत नाही. त्याचा पुरावा गेल्या अर्धशतकात कागदावर उतरलेला आहे, आणि तो आपल्याच काळ्या मातीतून गोळा झालेला आहे.

हैदराबादेजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली कोरडवाहू पिकांच्या संशोधनासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. इक्रिसॅट हे तिचे नाव. या संस्थेने १९७५ पासून सहा गावे निवडली: सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेडा, आणि पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली व डोकूर. प्रत्येक गावात चाळीस घरे घेतली. दहा भूमिहीनांची, दहा लहान शेतकऱ्यांची, दहा मध्यम व दहा मोठ्या शेतकऱ्यांची. संस्थेचे कार्यकर्ते त्या त्या गावी मुक्कामास राहिले. दर तीनचार आठवड्यांनी त्यांनी घराघरांतून माहिती घेतली: काय पेरले, काय पिकले, काय खाल्ले, कोणाकडून उसने आणले, कोणते जनावर विकले, कोण कोणाच्या कामावर गेले. असे दहा वर्षे चालले. जगातील कोणत्याही गरीब खेड्याची इतकी बारीक नोंद त्यापूर्वी क्वचितच झाली असेल. त्या नोंदींवर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी ग्रंथ आणि निबंध लिहिले. शिरापूरच्या शेतकऱ्याने आपल्या घरची हकीकत सांगितली आणि तिच्यावर विद्यापीठांतून पदव्या मिळाल्या. त्यास स्वतःला त्यातून काय मिळाले हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.

या नोंदींतून जो शेतकरी दिसतो तो कपाळाला हात लावून बसलेला नाही. तो अष्टौप्रहर हिशेब करणारा माणूस आहे. त्याचा बचाव पेरणीच्या आधी सुरू होतो. सोलापूरची भारी काळी जमीन पावसाळ्यात पडीक दिसते, तेव्हा नवखा प्रवासी म्हणतो, केवढा हा आळस! वस्तुतः मृगाच्या पावसावर तेथे भरवसा नाही, आणि पाऊस झालाच तर त्या चिकट जमिनीत औत घालता येत नाही. म्हणून शेतकरी पावसाळाभर जमिनीत ओल साठवतो आणि हस्ताच्या सुमारास शाळू पेरतो. पाऊस जमिनीत जमा झाला की मगच बी टाकायचे, असा हा सावध व्यवहार आहे.

जोंधळ्याच्या ओळींत तुरीची ओळ असते, तिचेही कारण हेच. जोंधळा आधी काढणीस येतो, तूर मागाहून. मधल्या पावसाने दगा दिला तर एक जाते, दुसरी राहते. सरकारी कृषिअधिकारी संकरित वाणाचे गुण गातो आणि शेतकरी मालदांडीस चिकटून राहतो. त्यात अडाणीपणा नाही. दाणा थोडा आला तरी मालदांडीचा कडबा हाती लागतो, आणि कडबा असला तर बैल जगतो. बैल जगला तर पुढल्या वर्षी पेरणी होते. अधिकारी एका पिकाचा हिशेब करतो, शेतकरी दोन वर्षांचा करतो.

जमिनीच्या तुकड्यांचेही तेच. १९४७ साली मुंबई सरकारने तुकडेबंदीचा कायदा केला. तुकड्यांनी नांगराचे फेरे वाढतात, बांधात जमीन जाते, हे खरेच आहे. परंतु एक तुकडा माळावर, एक ओढ्याकाठी आणि एक पलीकडच्या शिवारात असला म्हणजे एकाच गारपिटीत सारे घर बुडत नाही. वाटण्यांनी लादलेली ही अडचण शेतकऱ्याने आपल्या सोयीची करून घेतली. ती मोडताना तिच्या जागी दुसरे कोणते संरक्षण त्यास देणार, हे विचारणारे फार थोडे निघाले.

आता दुसरा टप्पा पाहा. सारी सावधगिरी घेऊनही पीक गेले. मग काय होते? प्रथम घरातील माणसे मजुरीस बाहेर पडतात. ज्या वर्षी आपल्या शेताने दगा दिला त्या वर्षी घरधनी दुसऱ्याच्या बांधावर अधिक दिवस राबतो, हे या नोंदींतून स्पष्ट दिसते. मग ताटातील भाकरी कमी होते. नरपतसिंह जोधा या अर्थशास्त्रज्ञाने राजस्थानातील दुष्काळांचा अभ्यास करून १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते की, गरीब माणूस घरातली चीजवस्तू विकून पोट भरत नाही; उलट पोट मारून चीजवस्तू राखतो. बाहेरच्या पाहणाऱ्यास हा क्रम उलटा वाटतो. परंतु आज बैल विकून पोटभर खाल्ले तर पाऊस आल्यावर तिफणीला काय जुंपायचे? म्हणून आधी पोटाला चिमटा, मग दागिना, मग शेळी, आणि अगदी शेवटी बैल. त्यानंतर एकच गोष्ट उरते, ती म्हणजे जमीन.

बैल बाजारात जातो तेव्हा दुसरे एक दुर्दैव त्याची वाट पाहत असते. दुष्काळात एकट्याचे पीक जात नाही, पंचक्रोशीचे जाते. आठवड्याच्या बाजारात विकणारे शेकडो आणि घेणारे चार. बैलाची किंमत उतरते, आणि पाऊस पडला की तोच बैल दुप्पट भावाने परत घ्यावा लागतो. घेता आला नाही तर वेळेवर पेरणी होत नाही. एका वर्षाचा दुष्काळ दुसऱ्या वर्षात शिरतो तो असा. मार्क रोझेन्झ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९९३ साली याच गावांच्या नोंदींवरून हे दाखवून दिले. आपल्या आजोबांना ते त्यापूर्वीच ठाऊक होते. परंतु आजोबांचे म्हणणे कोणी छापले नाही.

तिसरा बचाव सोयऱ्याधायऱ्यांचा. मुलगी लांबच्या गावी का देतात, याची नाना कारणे आपण सांगतो: गोत्र, भावकी, रीत. याच गावांच्या नोंदी तपासून रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली आणखी एक कारण पुढे मांडले. ज्या घराचे उत्पन्न अधिक बेभरवशाचे, त्या घरच्या मुली अधिक लांब दिल्या गेलेल्या आढळल्या. आणि अशा लांबच्या सोयरिकी असलेल्या घरांचे खाणेपिणे वाईट वर्षीही त्यामानाने स्थिर राहिले. कारण उघड आहे. जवळच्या गावी आपल्यासारखाच पाऊस, आपल्यासारखाच दुष्काळ. चाळीस कोसांवरच्या व्याह्याकडे कदाचित या वर्षी पिकले असेल. आई मुलीला निरोप देताना रडते, आणि त्या रडण्यामागे घराने न बोललेला एक हिशेबही असतो. सासरी गेलेली ती लेक माहेरचा विमा होऊन बसलेली असते, आणि त्या विम्याचा हप्ता कोण भरते, हे या सभेतील भगिनींना आम्ही सांगण्याची गरज नाही.

चौथा बचाव गावाचा. पैरा आहे, सावड आहे, पसाभर पीठ उसने देण्याची रीत आहे, सावकार आहे, दुकानदाराचे खाते आहे. रॉबर्ट टाउनसेंड या अर्थशास्त्रज्ञाने १९९४ साली यांतील तीन गावांचा हिशेब प्रसिद्ध केला. एखाद्या घराचे उत्पन्न एकट्याचे बुडाले तर त्या घराचे खाणे त्या प्रमाणात बुडत नाही. ते बहुतांशी साऱ्या गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होते, असे त्यास आढळले. म्हणजे आपली खेडी, कोणी लिहून न ठेवलेल्या नियमांनी, एकमेकांना बऱ्याच अंशी सावरून धरीत होती. परंतु हे संरक्षण पुरते नव्हते, आणि एका गावी भूमिहीनांना ते इतरांहून कमी मिळत होते. ज्याच्याजवळ परत करण्यास काही नाही त्यास उसने देणाराही हात आखडता घेतो. शिवाय गावच्या गाव जेव्हा कोरडे पडते, तेव्हा कोणी कोणास सावरावे? बुडणाऱ्यांनी एकमेकांचे हात धरले म्हणून कोणी किनाऱ्यास लागत नाही.

गायरानाचाही आधार होता. काटक्या, शेण, चारा, रानभाजी. तोही आटत गेला. जोधांनी निरनिराळ्या राज्यांतील कोरडवाहू गावे पाहून १९८६ साली लिहिले त्याचा सारांश असा की, १९५० पासूनच्या तीन दशकांत गावाच्या सामाईक जमिनीपैकी सुमारे एकतृतीयांशापासून निम्म्यापर्यंत भाग नाहीसा झाला. ज्यास स्वतःची जमीन नाही त्याचे हे शेवटचे कोठार होते.

हे सर्व ऐकून आपणांपैकी कोणी म्हणेल, शेतकरी हुशार आहे, त्याची रीत शहाणपणाची आहे, मग चिंता कशाची? बंधूंनो, आम्हास आज जे सांगावयाचे आहे ते येथेच आहे. हे शहाणपण फुकट मिळत नाही. दुष्काळाची किंमत दुष्काळ पडल्यावर द्यावी लागते, असे आपण समजतो. गरीब शेतकरी ती किंमत चांगल्या वर्षीही देत असतो. जो दुष्काळ पडलाच नाही त्याचीही किंमत त्याने भरलेली असते.

कशी, ते पाहा. ज्याच्याजवळ दोन वर्षांचे धान्य आणि विहीर आहे, तो धाडस करू शकतो. खत घालतो, नवे बी घेतो, नगदी पीक लावतो. एखाद्या वर्षी फसला तरी तग धरतो. ज्याच्याजवळ काही नाही तो धाडस करू शकत नाही. तो कमी पिकणारे परंतु हमखास काहीतरी देणारे पीक घेतो, उधारीचे खत टाळतो, पैसा विहिरीत घालण्याऐवजी चटकन मोडता येईल अशा शेळीत अगर दागिन्यात ठेवतो. रोझेन्झ्वाइग आणि हान्स बिन्स्वांगर यांनी १९९३ साली याचा आकडा काढला. पावसाच्या आगमनाची अनिश्चितता त्यांनी मापली, आणि ती एका ठरावीक मापाने कमी झाली तर शेतीचा नफा किती वाढेल याचे गणित मांडले. सर्वांत गरीब अशा तळच्या चतुर्थांश घरांचा नफा सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत वाढला असता. वरच्या श्रीमंत घरांस जवळजवळ काहीच फरक पडला नसता.

या आकड्याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. पाऊस दोघांच्या शेतावर सारखाच अनिश्चित आहे. परंतु अनिश्चिततेचा कर फक्त गरिबावर बसतो, आणि तो दरवर्षी बसतो. हा कर कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. त्याची पावती मिळत नाही. त्यावर विधानसभेत चर्चा होत नाही. तो न पिकलेल्या दाण्यांत, न खोदलेल्या विहिरीत आणि शाळेतून काढलेल्या पोरात वसूल होतो. होय, शाळेतून काढलेल्या पोरात. हनान जॅकोबी आणि इमॅन्युएल स्कूफियास यांनी १९९७ साली याच सहा गावांच्या नोंदींवरून दाखविले की, घरचे उत्पन्न घसरले म्हणजे मुलांची शाळेतील हजेरी घसरते. वाईट वर्षी पोर गुरांमागे जाते, आणि पाऊस पडला तरी काही पोरे शाळेत परततच नाहीत. आपण त्यास गळती म्हणतो. बापाच्या दृष्टीने तो विम्याचा हप्ता असतो.

मग यातून वाट कोणती? वर सांगितलेल्या गोष्टींतच तिचे उत्तर आहे. लेक लांब देण्यामागचे तत्त्व आठवा. संरक्षण मिळावयाचे तर जोखीम अशा माणसाबरोबर वाटून घेतली पाहिजे की ज्याच्या घरी त्याच वर्षी दुष्काळ नाही. गावाचे वर्तुळ त्यास पुरत नाही. तालुक्याचेही पुरत नाही. ते वर्तुळ राज्याएवढे असावे लागते. त्यात शहर असावे लागते, कारखाना असावा लागतो, बंदर असावे लागते. राज्य ही संस्था शेतकऱ्याच्या कामाची असेल तर ती या एका कारणासाठी.

हे काम एकदा घडले आहे. १९७२ चा दुष्काळ आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल; सुकडी आणि तांबड्या मिलोची चव काहींच्या जिभेवर अजून असेल. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून, आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून, रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्यास काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. त्याचा पैसा कोठून आला? १९७५ च्या कायद्याने शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसला, त्यातून. मुंबईतील कारकुनाच्या पगारातून महिन्याकाठी थोडे पैसे कापले जात आणि शिरापूरच्या मजुराच्या चुलीत जाळ राहत असे. ज्या वर्षी सोलापुरात पाऊस पडत नाही, त्या वर्षीही मुंबईचे कारकून कामावर जातातच. चाळीस कोसांवरच्या व्याह्याचे जे तत्त्व, तेच हे, राज्याच्या पातळीवर नेलेले.

त्याचे फळ काय? इक्रिसॅटच्या संशोधकांनी १९८६ साली ते मोजले. भूमिहीन मजुरांच्या उत्पन्नातील वर्षावर्षाची चढउतार शिरापूर व कंझरा येथे औरेपल्लीच्या मानाने सुमारे निम्मी होती. औरेपल्ली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात. तेथे रोजगार हमी नव्हती. तिघांच्याही नशिबी लहरी पाऊसच होता, आणि तिन्ही ठिकाणी मजूर राबणारेच होते. तरी एका राज्याने कायदा केला होता आणि दुसऱ्याने केला नव्हता.

आता आम्ही ज्या रेघेचा उल्लेख आरंभी केला ती आली. जत तालुका सांगली जिल्ह्यात, अथणी तालुका बेळगाव जिल्ह्यात. एकमेकांस लागून असलेले हे तालुके. पाठीशी तेच पर्जन्यछायेचे आभाळ. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सोलापूर, कलादगी आणि बेळगाव हे जिल्हे एकाच मुंबई इलाख्यात होते आणि एकत्रच होरपळले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मधे रेघ पडली. तेव्हा सांगितले गेले की, राज्यांच्या हद्दी ही निव्वळ कारभाराची सोय आहे, सामान्य माणसास त्याने काय फरक पडतो? फरक असा पडला की, १९७९ पासून जतच्या मजुरास कामावर कायद्याने हक्क होता, आणि अथणीच्या मजुरास, मग तो मराठी बोलणारा असो वा कन्नड, तसा हक्क मिळण्यास केंद्राच्या २००५ च्या कायद्याची, आणि तो टप्प्याटप्प्याने आपल्या जिल्ह्यात येण्याची, वाट पाहावी लागली. पाव शतकाहून अधिक काळ. एका पिढीची उमेदीची वर्षे एवढ्यात निघून जातात.

आम्हास येथे अतिशयोक्ती करावयाची नाही. महाराष्ट्रात गेले म्हणजे पाऊस पडतो असे आम्ही कधीही म्हटलेले नाही. त्याच महाराष्ट्रात विदर्भ आणि मराठवाड्यात हजारो शेतकऱ्यांनी गळफास घेतला, हे आम्ही विसरलेलो नाही आणि झाकूनही ठेवणार नाही. रोजगार हमीत खोटे हजेरीपट झाले, मजुरी रखडली, तेही खरे. परंतु राज्य म्हणजे केवळ पाट्यांची भाषा नव्हे. संकटात कोणाच्या पैशाने कोणास सावरावयाचे याचा तो करार आहे, आणि त्या करारात आपण कोणाबरोबर असावे हे सांगण्याचा हक्क येथील माणसास आहे, एवढेच आमचे म्हणणे. १९५६ साली त्याचे मत विचारले गेले नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्याच्या मुळाशीही शेवटी हाच प्रश्न आहे.

आता विम्याविषयी. पीकविमा ही विलायती कल्पना आहे असा समज आहे. पावसाच्या मापावर आधारलेल्या शेतीविम्याची तपशीलवार योजना म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच मांडली आणि १९२० साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. म्हैसूरच्या या माणसाचे नाव आम्ही आदराने घेतो. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली क्षेत्रनिहाय विम्याचा आग्रह धरला. प्रत्येक शेताचे नुकसान मोजणे अशक्य, म्हणून एकसारख्या भागातील सरासरी उत्पन्न घटले की त्या भागातील साऱ्यांस भरपाई द्यावी, हे त्यांचे सूत्र. १९८५ ची सर्वंकष योजना आणि त्यानंतरच्या योजना याच सूत्रावर उभ्या राहिल्या. २०१६ च्या पंतप्रधान पीकविमा योजनेत शेतकऱ्याचा हप्ता खरिपास २ टक्के, रब्बीस दीड टक्का आणि नगदी पिकांस ५ टक्के ठरला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये एका रुपयात विमा दिला आणि २०२५ मध्ये ती सवलत काढून घेतली.

सूत्र चांगले आहे, तरी त्यात एक भोक आहे. समजा, आपल्या भागात दहा शिवारे आहेत. आठ शिवारांत पीक बरे आले, दोन शिवारांत गारपिटीने झोपले. सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली. कागदावर नुकसान नाही! ज्याचे पीक झोपले त्याने हप्ता भरला, त्याचे शेत रिकामे, आणि हाती भोपळा. गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीसाठी वेगळी तरतूद आहे खरी. परंतु तिच्यासाठी ठरलेल्या मुदतीत नुकसान कळवावे लागते, आणि कळवावयाचे कसे हे समजेपर्यंत मुदत संपते. अशा माणसास पुढल्या वर्षी विमा घे म्हणून सांगावयास कोणी धजत नाही.

पहिल्या पाऊसविम्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. महबूबनगर जिल्ह्यात २००३ पासून तो विकावयास आला. सर्वाधिक सावध आणि जोखीम टाळणारी घरे तो आधी घेतील, असे पुस्तकी गणित होते. घडले उलटे. सावध माणसांनीच तो कमी घेतला. ज्यांची विकणाऱ्या संस्थेशी आधीची ओळख होती त्यांनी तो अधिक घेतला, आणि न घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी सांगितले की आम्हास तो कळलाच नाही. झाविए जिने, टाउनसेंड आणि जेम्स विकरी यांनी २००८ साली हे प्रसिद्ध केले. न समजलेला विमा ही गरिबाच्या लेखी आणखी एक जोखीम असते. आभाळाचा भरवसा नाही म्हणून त्याने कागदाकडे यावे, आणि कागदही वाचता येऊ नये!

मागे एका सभेनंतर एक वृद्ध शेतकरी आमच्यापाशी आले. खिशातून जपून ठेवलेला, घडी घालून मऊ झालेला कागद काढून म्हणाले, "साहेब, हे तेवढं वाचून सांगा. पैसे भरले ते ह्येच का, आणि नंबर माझ्याच रानाचा हाय का?" कागद विम्याचा होता आणि कन्नडमध्ये होता. आम्ही अक्षरे जुळवीत वाचू लागलो. पैसे भरल्याचा तो दाखला होता खरा. परंतु सर्व्हे नंबर त्यांचा नव्हता, भावाच्या तुकड्याचा होता. मुदत निघून गेलेली. ते रागावले नाहीत. घडी पुन्हा तशीच घालून त्यांनी कागद खिशात ठेवला आणि म्हणाले, "आपल्याला कुठं कळतंय म्हणा." बंधूंनो, त्यांना सर्व काही कळत होते. नक्षत्रे कळत होती, माती कळत होती, बाजार कळत होता. कळत नव्हती ती त्या कागदाची भाषा, आणि ती न कळण्यात त्यांचा अपराध नव्हता.

कन्नड भाषेशी आमचे वैर नाही. ती समर्थ भाषा आहे. अक्कलकोट आणि जत येथील कन्नड शेतकऱ्यास महाराष्ट्र सरकारने विम्याचा कागद कन्नडमध्ये द्यावा, ही मागणी आम्ही याच व्यासपीठावरून करतो. तीच मागणी आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शेतकऱ्यासाठी करतो. भाषेचा हा प्रश्न मानापमानाचा आहेच. तो भाकरीचाही आहे.

तेव्हा आमचे मागणे असे. दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहता, पेरणी फसल्याबरोबर मागेल त्यास काम मिळावे, म्हणजे बैल बाजारात जाण्यापूर्वी मजुरी हाती पडेल. विम्याची भरपाई पुढील पेरणीच्या आत मिळावी. पेरणी उलटल्यावर आलेला पैसा सावकाराच्या घरी जातो. पाऊस आणि पीक मोजण्याचे क्षेत्र लहान करावे. गायराने राखावी. आणि उतारा, विमा, कर्ज यांचा प्रत्येक कागद शेतकऱ्यास त्याच्या भाषेत मिळावा.

हे सरकारने करावयाचे. आपण काय करावयाचे? गावोगावच्या तरुण मंडळांनी आणि वाचनालयांनी विम्याच्या मुदतीपूर्वी आठवड्यातून एक संध्याकाळ काढावी. ज्यास दोन्ही भाषा येतात त्याने कंदील म्हणा, दिवा म्हणा, लावून बसावे, आणि येईल त्याचा कागद वाचून द्यावा. नाव तपासावे, सर्व्हे नंबर तपासावा, तारीख सांगावी. मोर्चाला येणाऱ्या हजारांचे आम्ही ऋणी आहोतच. परंतु त्या वृद्ध गृहस्थांच्या हाती योग्य नंबराचा कागद पडला असता तर त्यांच्या घरी एक वर्ष निराळे गेले असते. विलीनीकरण होईल तेव्हा होईल, आणि ते होईपर्यंत आम्ही लढणारच आहोत. पुढचा पाऊस मात्र न्यायालयाच्या तारखेसाठी थांबणार नाही. या कामाचा आरंभ याच वाचनालयातून, येत्या मृगापूर्वी व्हावा, अशी आम्ही चालकांना आणि आपणा सर्वांना विनंती करतो. पहिल्या संध्याकाळी आम्ही स्वतः येऊन बसू.